घडी, पॅड की कप? लाज सोडा, जीव जपा

(हिंगणी, तालुका सेलू, जिल्हा वर्धा येथील महिला सभेत आरोग्य शिक्षिकेने केलेले भाषण)



कुटुंब नियोजनाची सभा म्हटली की तुम्हाला वाटते, ही बाई आता तांबी, गोळ्या आणि शस्त्रक्रिया यांवरच बोलणार. ते मी बोलेनच. पण आज आधी पाळीबद्दल बोलू. मूल केव्हा राहते, केव्हा राहत नाही, अंगात काय बिघडले आहे, हे सारे पाळीच पहिल्यांदा सांगते. ज्या बाईला आपली पाळी कळली, तिला कुटुंब नियोजन कळायला वेळ लागत नाही.

मागच्या एका सभेत मी हा मासिक पाळीचा कप टेबलावर ठेवला होता. तासभर कोणी त्याला हात लावला नाही. सभा सुटल्यावर एक आजी जवळ आल्या. कप उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "तेल ओतायचं नरसाळं हाय का वं पोरी?" सगळ्या बाया हसल्या. पण त्या हसण्यानेच तोंडे उघडली आणि मग एकेक प्रश्न बाहेर आला. आज तुम्हीही हसा, विचारा. फक्त गप्प बसू नका.

पाळी म्हणजे विटाळ नव्हे

दर महिन्याला गर्भाशयाच्या आत एक मऊ अस्तर तयार होते. मूल राहिले तर त्याला रुजायला ते लागते. मूल राहिले नाही तर ते अस्तर रक्ताबरोबर बाहेर पडते. हीच पाळी. हे रक्त घाण नाही की नासके नाही. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे रक्त जाते. ८० मिलिलिटरच्या वर जात असेल तर ते जास्त समजावे.

आपण म्हणतो, "कावळा शिवला", "ती बाहेरची आहे". पण याच विदर्भात तेराव्या शतकात चक्रधर स्वामींनी पाळीचा विटाळ मानला नाही. नाकाचा शेंबूड, कानातला मळ तसाच हाही शरीराचा एक स्राव, अशी त्यांची शिकवण होती. सातशे वर्षांपूर्वी जे सांगितले गेले, ते आपल्या ओट्यावर अजून पोचायचे आहे!

बाजूला बसण्यामुळे विश्रांती मिळते, असे काही जणी म्हणतात. विश्रांती जरूर द्या. पण तिला अंथरूण, ऊन पाणी आणि पोटभर जेवण घरातच द्या. गोठ्याशेजारच्या ओल्या कोपऱ्याला विश्रांती म्हणता येत नाही.

घडी वापरता? मग ती उन्हात वाळवा

आपल्यापैकी पुष्कळ जणी जुन्या लुगड्याची, सुती धोतराची घडी वापरतात. घडी वाईट नाही. लपवलेली, ओली घडी वाईट. कापूस वेचायला सकाळी निघालेली बाई दिवस मावळता घरी येते. तोवर एकच घडी. मग ती अंधारात धुवायची आणि कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून न्हाणीत, कवेलूखाली किंवा दुसऱ्या कपड्याच्या आड वाळत घालायची. ती वाळत नाही. तीच पुन्हा घ्यायची. त्यातून मांड्या घासतात, खाज सुटते, जंतू वाढतात. बाई सांगते कोणाला? कोणालाच नाही.

हे न सांगणे किती महागात पडते ते ऐका. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरातील ९२ स्त्रियांना अंगाचा काही ना काही आजार निघाला. आणि त्यापूर्वी कधी तपासून घेतलेल्या किती होत्या? शंभरात फक्त ८! आजाराची कारणे अनेक होती. पण तो सोसत राहण्याचे एक मोठे कारण लाज हेच. तो अभ्यास आपल्याच विदर्भातला आहे, बायांनो.

म्हणून घडी वापरणाऱ्यांनी चार गोष्टी पाळाव्या:

१. कापड सुती आणि स्वच्छ असावे. प्रत्येकीचे वेगळे असावे. मायलेकींनीही एकमेकींचे वापरू नये.
२. चार ते सहा तासांनी घडी बदलावी. शेतात जाताना एक कोरडी घडी पिशवीत घ्यावी.
३. आधी गार पाण्यात, मग साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावी. संकोच वाटत असेल तर वरून पातळ ओढणी टाका, पण ऊन-वारा लागू द्या.
४. कापड विरले, कडक झाले की फेकावे.

पॅड सोयीचा, पण बदलला तर

२०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातील १५ ते २४ वर्षांच्या शंभर मुलींपैकी ६४ मुली सॅनिटरी पॅड वापरत होत्या आणि जवळजवळ ५० कापड वापरत होत्या. म्हणजे कित्येक जणी दोन्ही वापरतात. शाळेत जाताना पॅड, घरी घडी. यात गैर काही नाही.

पण पॅड महाग म्हणून एकच पॅड दिवसभर ठेवणे बरोबर नाही. भरला नसला तरी चार ते सहा तासांनी बदलावा. २०१९ सालापासून जनऔषधी केंद्रात एक रुपयाला एक असे पॅड मिळू लागले. आशाताईकडेही चौकशी करा. वापरलेला पॅड कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावा. संडासात टाकला तर संडास तुंबतो. नाल्यात टाकला तर प्लास्टिक तसेच राहते. बोर नदीच्या काठच्या गावाला पाण्याची किंमत मी काय सांगावी?

कप म्हणजे काय?

आता या नरसाळ्याकडे येऊ. हा कप वैद्यकीय वापराच्या मऊ सिलिकॉनचा असतो. तो घडी करून योनीमार्गात ठेवायचा. आत तो उघडतो आणि रक्त त्यात जमते. हा काही कालचा शोध नाही. १९३७ साली वर्ध्यात नई तालीमची परिषद भरली, त्याच वर्षी अमेरिकेत लिओना चाल्मर्स या बाईने अशा कपाचे पेटंट घेतले. आपल्याकडे मात्र त्या पाहणीत कप वापरणाऱ्या मुली शंभरात एकसुद्धा भरल्या नाहीत.

केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात कुंबलंगी नावाचे गाव आहे. तेथे जानेवारी २०२२ पर्यंत १८ वर्षांवरील मुली व स्त्रियांना पाच हजारांहून अधिक कप वाटले गेले. तेही खेडेच आहे, आणि तिथल्या बायाही तुमच्या-माझ्यासारख्याच. आणखी एक गंमत सांगते. ज्या सरकारी कंपनीने १९६९ पासून निरोध तयार केला, ती हिंदुस्थान लेटेक्स, म्हणजे आजची एचएलएल, तीच 'थिंकल' नावाचा कप बनवू लागली. एके काळी निरोध शब्द उच्चारला की लोक मान फिरवत. आज दुकानात सरळ मागतात. कपाचेही तसेच होईल.

वापरायची रीत अशी:

१. आधी साबणाने हात धुवा. पाळीच्या सुरुवातीला कप वेगळ्या भांड्यात, पाण्यात पूर्ण बुडवून, पाच ते दहा मिनिटे उकळा.
२. उकिडवे बसा, अंग सैल सोडा, कपाची घडी करून माकडहाडाच्या दिशेने तिरपा आत सरकवा.
३. आठ तासांनी, जास्तीत जास्त बारा तासांनी काढा. जास्त जात असेल तर त्याआधीच.
४. काढताना देठ धरून ओढू नका. कपाचा बूड चिमटीत दाबा, हवा आत जाऊ द्या, मग हळूच काढा.
५. रक्त ओतून, स्वच्छ पाण्याने धुऊन पुन्हा बसवा. पाळी संपली की उकळा आणि सुती पिशवीत ठेवा.

एक कप जपून वापरला तर पाच वर्षे आणि त्याहूनही जास्त टिकतो. हिशेब करा. पाच रुपयांचा एक पॅड, महिन्याला पंधरा, म्हणजे वर्षाला ९०० रुपये. एक रुपयाचा घेतला तरी १८०. कप चारशेचा धरला आणि पाच वर्षे टिकला तर वर्षाला ८० रुपये.

तुमचे प्रश्न, माझी उत्तरे

"तो पोटात वर चढला तर?" बायांनो, तांबी आली तेव्हाही हेच म्हणत होते. तांबी वर चढते, काळजात जाते! कप वर जाऊ शकत नाही. वर गर्भाशयाचे तोंड आहे, त्याची वाट फार बारीक असते. कप हाताला लागला नाही तर घाबरू नका. उकिडवे बसा, थोडे कुंथा, तो खाली येतो. तरीही न निघाल्यास दवाखान्यात या.

"लघवी कशी होईल?" लघवीची वाट वेगळी आहे. कप असताना लघवीला, संडासला जाता येते.

"कुवार पोरींनी वापरला तर?" वापरता येतो. आतला पातळ पडदा खेळण्याने, सायकलीनेही ताणला जातो. पडद्यावरून कोणाची अब्रू ठरत नाही. पण मुलीला स्वतःला हवा असेल तरच. तिच्यावर जबरदस्ती नको.

"पहिल्याच वेळी जमेल का?" बहुतेक नाही. दोन-तीन पाळ्या जाऊ द्या. २०१९ साली 'लॅन्सेट'च्या सार्वजनिक आरोग्य अंकात ४३ अभ्यासांचा आढावा छापला गेला. सराव झाल्यावर शंभरातील सुमारे ७० जणींनी कप पुढेही वापरायची तयारी दाखवली. म्हणजे ३० जणींना तो पटला नाही, हेही मी लपवत नाही.

"कप घातला की मूल राहत नाही ना?" राहते! नीट ऐका. कप हे संततिनियमनाचे साधन नाही. संबंधाच्या वेळी तो काढून ठेवा आणि मूल नको असेल तर निरोध, गोळी, तांबी, इंजेक्शन यांपैकी साधन वेगळे वापरा.

तांबी बसवली असेल तर आधी विचारा

ही गोष्ट मी मुद्दाम वेगळी सांगते, कारण यात चूक झाली तर नको असलेले मूल राहील. तांबीचा दोरा योनीमार्गात येतो. कप काढताना दोरा चिमटीत आला किंवा हवा न सोडता कप ओढला, तर तांबी सरकू शकते. असे प्रकार नोंदले गेले आहेत. म्हणून तांबी असलेल्या बहिणीने कप घेण्याआधी सिस्टरला किंवा डॉक्टरांना दाखवावे. दोरा लांब असेल तर त्या आखूड करून देतील. दोरा हाताला लागेनासा झाला किंवा एकदम लांब झाला, तर कप थांबवा, निरोध वापरा आणि लगेच तपासून घ्या.

तांबीने पहिले काही महिने पाळी जास्त जाऊ शकते. अंतरा इंजेक्शनने आणि छाया गोळीने पाळी पुढे-मागे होऊ शकते. त्याने घाबरून साधन आपल्या मनाने सोडू नका, आधी विचारा.

बाळंतीण बाईने सहा आठवडे कप वापरू नये. अंगावर वास मारणारे पांढरे जात असेल, आग-खाज असेल, तर आधी इलाज, मग कप. कप असताना एकदम जोराचा ताप, उलट्या, चक्कर, अंगावर लाल पुरळ आले, तर कप काढून त्याच घडीला दवाखाना गाठा. असे फार क्वचित होते, पण माहीत असावे.

कपाची सक्ती नाही

मी कप विकायला आले नाही. जिच्या घरी हात धुवायला स्वच्छ पाणी नाही, कडी लागेल असे न्हाणीघर नाही, तिला कप देऊन उपयोग नाही. आधी पाणी, आधी आडोसा. ग्रामसभेत हे मागा! घडी, पॅड, कप, जे सोसेल आणि जमेल ते वापरा. स्वच्छ वापरा, वेळेवर बदला.

सासूबाईंना माझी विनंती. सुनेची घडी उन्हात दिसली तर ओरडू नका. तुमची लपवावी लागली, तिची तरी लपू नये. आणि हे पत्रक घरातील दादांनी, भाऊंनीही वाचावे. खत-बियाण्याला पैसे निघतात, तसे बायकोच्या पॅडलाही निघाले पाहिजेत.

पुढील लक्षणे दिसली तर अंगावर काढू नका:

पाळी आठ दिवसांहून जास्त जाणे. तासातासाला पॅड भरणे. दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाणे. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे. ओटीपोटात दुखून ताप येणे. पाळी चुकणे. थोड्या कामाने दम लागणे, डोळे पांढरे दिसणे.

यांपैकी काहीही असेल तर आशाताईला सांगा, आरोग्य केंद्रात या. तेथे भागले नाही तर सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे. आणि कोणी एकदम "गर्भपिशवी काढून टाका" म्हटले तर घाई करू नका, दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. औषधाने बरे होणाऱ्या आजारासाठी पिशवी घालवू नका.

त्या दिवशी त्या आजी जाता जाता म्हणाल्या, "आमच्या वक्ती कोणी सांगतलं असतं त माही सारी उमर खाजवण्यात गेली नसती वं." सभा गप्प झाली. बहिणींनो, तुमच्या लेकीने साठाव्या वर्षी हे वाक्य बोलू नये, एवढ्यासाठीच आजचे हे बोलणे. आज घरी गेल्यावर लेकीला जवळ बसवा आणि पाळी म्हणजे काय ते तिला आपल्या तोंडाने सांगा.

पाळी नाही विटाळ, आरोग्य तिचे सांभाळ!