विमा मोडायचाय? आधी तारीख पाहा

आमच्या शेजारचे एक निवृत्त मास्तर डिसेंबर २०२५ मध्ये एक जाडजूड पाकीट घेऊन माझ्याकडे आले. आयुष्यभर विम्याच्या कचेरीत नोकरी केल्यामुळे असली पाकिटं माझ्याकडे येतातच. वर्षभरापूर्वी मुदत ठेव करायला म्हणून मास्तर गेले आणि दहा वर्षं पन्नास हजारांचा हप्ता असलेली विमा पॉलिसी घेऊन आले. दुसरा हप्ता खात्यातून परस्पर वळता झाला, तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं. "माझे एक लाख तेवढे परत मिळवून द्या," मास्तर म्हणाले.

मी पाकीट हातात घेतलं. ते अजून चिकटवलेलंच होतं!

इथेच सगळी गोम आहे. पॉलिसीचा कागद हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती नापसंत म्हणून परत करता येते. याला 'फ्री लूक' म्हणतात. पूर्वी कागदी पॉलिसीसाठी ही मुदत १५ दिवसांची होती; २०२४ च्या नियमांनी ती सरसकट ३० केली. लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. तेवढ्या दिवसांच्या विमासंरक्षणाचा आकार, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क वजा होऊन बाकी रक्कम परत मिळते. मास्तरांनी पहिल्याच महिन्यात पाकीट फोडलं असतं, तर जवळजवळ सगळा हप्ता हाती आला असता.

ही मुदत टळली की पैसे 'परत' मिळत नाहीत, 'सरेंडर मूल्य' मिळतं. पारंपरिक पॉलिसी दुसऱ्या वर्षात मोडली तर भरलेल्या हप्त्यांच्या किमान ३० टक्के, तिसऱ्या वर्षात ३५, चौथ्या ते सातव्या वर्षात ५० टक्के. म्हणजे मास्तरांच्या लाखाचे हमीचे तीस हजार! एवढे कमी का? सुरुवातीच्या हप्त्यांतून कमिशन आणि कागदपत्रांचा खर्च निघतो, शिवाय तुमच्या जिवाची जोखीम कंपनीनं तेवढे दिवस उचललेली असते. विमा म्हणजे बँकेतली ठेव नव्हे.

पण इथे घाई करू नका. हमीच्या रकमेखेरीज 'विशेष सरेंडर मूल्य' असतं, आणि दोहोंपैकी जे जास्त ते द्यावं लागतं. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार पूर्ण एका वर्षाचा हप्ता भरला असेल, तर पहिलं वर्ष संपताच हे मूल्य लागू होतं. त्यापूर्वीच्या पॉलिसीला मात्र तिच्या स्वतःच्या अटी पाहाव्यात. आकडा तोंडी विचारू नका, कंपनीकडून लेखी मागा.

आणखी एक वाट आहे. हप्ते थांबवून पॉलिसी 'पेड-अप' करायची. मास्तरांची विमा रक्कम पाच लाख, दहापैकी दोन हप्ते भरलेले. म्हणजे विमा एक लाखाचा उरतो. पुढे हप्ता नाही, पैसे मात्र मुदत संपल्यावर किंवा दुर्दैवानं मधेच काही झालं तर वारसाला. पैशांची आज निकड नसलेल्यानं याचाही विचार करावा.

मास्तरांनी लेखी आकडा मागवला, तो पाहिला आणि पेड-अपची वाट धरली. "काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन?" मी विचारलं. "ते भविष्यनिर्वाह निधीतून करतो. सत्तर हजारांचं पाणी करून कशाला?" ते म्हणाले.

फसवून पॉलिसी गळ्यात मारली असेल, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिथे दाद लागली नाही, तर विमा लोकपालांकडे जा. तिथे फी लागत नाही, वकीलही नको. पण त्याहून सोपं एक काम आहे. घरात पॉलिसीचं पाकीट येईल, त्याच दिवशी ते फोडा आणि वर तारीख लिहून ठेवा. तीस दिवस तिथूनच मोजायचे असतात.