मापात पाप नको

मधुमेह निघाला की घरोघरी सल्ला मिळतो, ‘पोळी सोडा, ज्वारीची भाकरी कितीही खा.’ यातला ‘कितीही’ घातक आहे. गहू काय, ज्वारी काय, १०० ग्रॅम पिठात कर्बोदके सुमारे ६० ते ७० ग्रॅम असतातच. कोंड्यातल्या तंतूंमुळे साखर सावकाश चढते, पण चढते.

मी घरी काट्यावर पीठ तोलून पाहिले. फुलक्याला ३० ग्रॅम लागले, भाकरीला ७५. म्हणजे एक भाकरी अडीच फुलक्यांच्या बरोबरीची! ‘मी एकच खातो’ या म्हणण्याला मग काय अर्थ? मापात पाप करणाऱ्यांना कुराणात सक्त इशारा आहे. इथे तर आपण आपल्यालाच फसवतो.

उपाय सोपा आहे. कोरडे पीठ एकदा तोलून एक वाटी ठरवा. ती सपाट भरा, दाबून नको. रोज तीच वापरा. आपल्याला किती वाट्या चालतील, ते आहारतज्ज्ञांना विचारा. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय धान्य एकदम कमी करू नका. साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. भाकरी सोडायची नाही, मोजायची आहे.