शेतसंरक्षणाची बंदूक : वजन, माप आणि नेम



भात लोंबीला आले की मालवणपासून सावंतवाडीपर्यंत सिंधुदुर्ग जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या रात्री राखणीत जातात. रानडुकरांचा एक कळप चार महिन्यांचे श्रम एका रात्रीत मातीमोल करतो. त्यामुळे शेतसंरक्षणाचा परवाना असलेली ठासणीची वा काडतुसाची बंदूक काही घरांत वडिलांकडून मुलाकडे रीतसर आलेली असते. परवान्याचे नूतनीकरण होते. परंतु बंदूक मुलाच्या अंगाला बसते काय, हे सहसा पाहिले जात नाही. नेम चुकण्याचे कारण पुष्कळदा तेथेच असते.

छऱ्याच्या बंदुकीला बहुधा पुढची माशी तेवढी असते. मागच्या नेमबिंदूचे काम डोळा करतो आणि डोळ्याची जागा दस्त्यावर टेकलेला गाल ठरवितो. माशी डोळ्यापासून सुमारे 1 मीटरवर असते. साहजिकच डोळा 3 मिलिमीटर वर राहिला, तर 40 मीटरवर मारा सुमारे 12 सेंटिमीटर वर जातो. दस्ता लांब असल्यास खांद्याशी कपड्यात अडकतो. आखूड असल्यास धक्क्याने अंगठा नाकावर आदळतो.

वजनाचेही तसेच. तेच काडतूस 3 किलोच्या बंदुकीपेक्षा अडीच किलोच्या बंदुकीतून उडविले, तर धक्क्याची ऊर्जा एक-पंचमांशाने वाढते. त्या धास्तीने चाप ओढण्यापूर्वीच डोळा मिटतो. उलट, फार जड बंदुकीने हात थकतो आणि नळीचे तोंड झुकते. बंदूक छऱ्यांच्या वजनाच्या 96 पट असावी, असा जुन्या इंग्लिश कारागिरांचा ठोकताळा आहे. 32 ग्रॅम छऱ्यांना त्या हिशेबाने सुमारे 3 किलोची बंदूक लागते. ऑलिंपिकच्या ट्रॅप स्पर्धेत छरे केवळ 24 ग्रॅम असूनही खेळाडू याहून जड बंदूक पसंत करतात, कारण त्यांना एका दिवसात अनेक बार काढावे लागतात. वजन कामावरून ठरते, ते असे.

माप पाहण्याची रीत सोपी आहे. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करावी. नळी निर्धोक दिशेला ठेवून, डोळे मिटून दस्ता खांद्याला लावावा, गाल टेकावा आणि मग डोळे उघडावेत. माशी नळीच्या मध्यावर दिसली, तर माप जुळले. न जुळल्यास दस्त्याची दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी. वजन घटविण्यासाठी नळी कापणे हा शस्त्र अधिनियम, 1959 अन्वये गुन्हा आहे. तसेच बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 अन्वये रानडुक्कर मारण्यास वन विभागाची परवानगी लागते.

चुकलेल्या नेमाची किंमत केवळ एका काडतुसाची नसते. जखमी डुक्कर जाळीत शिरते आणि सकाळी तेथे गुरे घेऊन जाणाऱ्यावर उलटते. भरकटलेले छरे शेजारच्या मळ्यातील राखणदारालाही लागू शकतात. म्हणून राखणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी पंचायत सदस्यांनी आपल्या गावातील परवानाधारकांना ही तपासणी अगत्याने सुचवावी. पिकाइतकेच माणसाचे रक्षण महत्त्वाचे आहे.