रिकामी शेड कोणाला मिळते?



प्रेसच्या खडखडाटात ओरडून चार शब्द बोलायची मला सवय. अध्यक्षाच्या खुर्चीतून काय बोलावं, या विचारात काल शॉपमध्ये फिरत होतो. मागच्या भिंतीच्या रॅकवर, खालच्या कप्प्यात अकरा डाय पडून आहेत. पावसाळा तोंडावर आला की पोऱ्या त्यांना ग्रीस फासतो. त्या ज्या गाडीसाठी केल्या, ती गाडी बंद झाली आणि कंपनी मायदेशी गेली. डायचा खर्च दोन लाख नगांत वसूल व्हायचा होता. साठ हजारांवर शेड्यूल थांबलं. कंपनीचं नाव घेत नाही. घेऊन काय, डाय थोड्याच खपणार आहेत!

माझं नुकसान मी सोसलं, तुमच्यापैकीही अनेकांनी सोसलंय. पण जाणाऱ्याचंही नुकसान होतं, आणि ते त्या वर्षीच्या ताळेबंदात दिसत नाही.

जनरल मोटर्सचंच बघा. 1928 साली या कंपनीनं मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. नुसती जुळणी नको, इथं उत्पादन करा, असं सरकारचं धोरण ठरल्यावर 1954 मध्ये गाशा गुंडाळला. चाळीस वर्षांनी ओपल अॅस्ट्रा घेऊन परत आली, म्हणजे पुन्हा श्रीगणेशा. 2008 मध्ये तळेगावचा कारखाना उघडला. 2017 मध्ये देशातली विक्री थांबली, आणि डिसेंबर 2020 मध्ये निर्यातीवर तग धरून असलेली तळेगावची लाइनही.

हा निर्णय वेडेपणाचा नव्हता. 2016-17 मध्ये त्यांच्या जेमतेम 26 हजार गाड्या इथं खपल्या, तर निर्यात जवळपास 71 हजारांची. बाजारातला एक टक्काही हाती नाही. त्यांच्या जागी मी असतो तर कदाचित हेच केलं असतं.

पण पुढं काय झालं? जनरल मोटर्सचा हालोलचा कारखाना एमजीकडे गेला. तळेगावसाठी आधी ग्रेट वॉल ही चिनी कंपनी आली, तिला सरकारी परवानग्या मिळाल्या नाहीत. मग 2023 मध्ये ह्युंदाईनं करार केला. भारतातून निघालेल्या फोर्डचा साणंदचा कारखाना टाटांनी 725 कोटी 70 लाखांना घेतला. म्हणजे जाणाऱ्यानं पेंटशॉपसकट तयार कारखाना प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिला. आणि 2022 मध्ये याच देशानं वाहनविक्रीत जपानला मागे टाकून जगात तिसरा नंबर गाठला! फोर्डनं चेन्नईजवळचा कारखाना मात्र विकला नाही. 2024 मध्ये तो निर्यातीसाठी पुन्हा वापरायचा इरादा त्यांनी जाहीर केला.

रशियातून रनो या फ्रेंच कंपनीला युद्धामुळे निघावं लागलं, ती गोष्ट निराळी. रनोनं अव्टोव्हाझ या रशियन कार कंपनीतला हिस्सा सोडताना सहा वर्षांत परत घ्यायची मुभा ठेवली. पण रनोच्या मॉस्कोतल्या कारखान्यात 'मॉस्कविच' या जुन्या नावाखाली चिनी जॅकच्या गाड्या जुळू लागल्या. कागदावरच्या मुभेनं हिस्सा परत मिळेलही, पण तोवर दुसऱ्याच्या गाडीत बसलेलं गिऱ्हाईक?

आपलं गिऱ्हाईक शोरूममध्ये पाय ठेवताच दोन गोष्टी विचारतं: विकताना किती येतील, आणि पार्ट मिळतील ना? दोनदा निघून गेलेल्यानं तिसऱ्यांदा यायचं म्हटलं, तर या प्रश्नांना सेल्समन काय उत्तर देणार? माझ्या मते परतीचा खरा खर्च तिथं आहे; मशिनरी काय, कर्ज काढूनही येते.

आता नव्या कंपन्या येताहेत. त्यांना हार घाला, चहा पाजा. पण सहीआधी करारात दोन कलमं घालून घ्या: मॉडेल मुदतीआधी बंद झालं तर टूलिंगचा उरलेला खर्च कंपनी देईल, आणि विकलेल्या गाड्यांच्या सुट्या भागांची ऑर्डर कोण, किती वर्षं देणार हे लेखी राहील. मसुदा मराठीत करून बाहेरच्या टेबलावर ठेवलाय. जेवायला जाताना एकेक प्रत घेऊन जा.