कोणती शाळा चांगली?

आज आपणांपुढें मांडावयाचा प्रश्न मूळचा माझा नव्हे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा आहे. जूनच्या आरंभीं, पेरणीची घाई चालू असतां, तो कळसाडीस माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "गुरुजी, पोरगी सहा वर्षांची झाली. गांवच्या शाळेंत घालूं, कीं तालुक्याच्या गांवीं मोठ्या शाळेंत धाडूं? दोन्ही सरकारीच. तुम्ही सांगाल तसें करतों."

मी मॅट्रिक झालेला एक साधा मास्तर. सारा जन्म प्राथमिक शाळांत गेला. तरीहि या प्रश्नाचें उत्तर मला चटकन देतां आलें नाहीं. मीं म्हटलें, "चल, दोन्ही शाळा पाहूं, मग बोलूं."

तालुक्याच्या शाळेची इमारत पक्की, भिंतींवर रंगीत चित्रें, प्रत्येक इयत्तेस निराळा शिक्षक. गांवच्या शाळेस दोन खोल्या, दोन शिक्षक आणि पांच इयत्ता. इमारतीकडे पाहून निवाडा करावयाचा तर घटकाभरहि थांबण्याचें कारण नव्हतें.

कित्येक सुशिक्षित लोक आंकड्यांवर भरंवसा ठेवतात. समजा, एका शाळेंत ४० मुलें व दोन शिक्षक आहेत, आणि दुसरींत १५० मुलें व पांच शिक्षक आहेत. पहिलींत शिक्षकामागें २० मुलें, दुसरींत ३०. म्हणजे पहिली शाळा सरस. परंतु पहिलींतला एक शिक्षक एकाच वेळीं तीन इयत्ता सांभाळतो. एकीला पाढे, दुसरीला शुद्धलेखन देऊन तो तिसरीकडे वळतो. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक पुरेसे मानले आहेत. म्हणून आंकडा खोटा नसला, तरी तो अर्धेंच सांगतो.

निकालाचेंहि तसेंच. आमच्या जिल्ह्यांत पुष्कळ मुलांच्या घरीं भिली, पावरी, अहिराणी किंवा गुजरी बोलतात. पुस्तक मराठींत असतें. ज्याच्या घरीं मराठी आहे, तो मुलगा पहिल्याच दिवशीं एक वर्ष पुढें असतो. अशा दोन मुलांचे गुण शेजारीं मांडून शाळांची प्रतवारी लावणें न्यायाचें नव्हे. मूल आलें तेव्हां कोठें होतें आणि आतां कोठें आहे, हें पाहावें. २०११ च्या जनगणनेंत नंदुरबार जिल्ह्यांत साक्षरता शेंकडा ६४ च्या आसपास, म्हणजे राज्यांत सर्वांत कमी होती. अशा मुलुखांत चाललेलें अंतर मोजावें. केवळ पोहोंचल्याचें ठिकाण पाहूं नये.

हें शहाणपण मला फार उशीरा आलें. तें कसें आलें, हें सांगण्यास संकोच वाटतो, पण सांगतों.

तरुणपणीं मी एका खेड्यांत होतों. शेजारच्या गांवच्या शाळेशीं आमची चढाओढ असे. तपासणीच्या आदल्या दिवशीं तिसरींतल्या चार कच्च्या मुलांना मीं हळूच सांगितलें, "उद्यां येऊं नका." तपासणी झाली, उत्तम शेरा पडला, शेजारची शाळा मागें राहिली. पुढें तीन मुलें परत आलीं. चौथी मुलगी आली नाहीं. आठ दिवसांनीं तिच्या घरीं गेलों, तर ती गुरें घेऊन रानांत गेलेली. तिची आई म्हणाली, "मास्तर, तुम्हींच येऊं नको म्हणाला होतांत ना?" मला उत्तर सुचलें नाहीं. ती मुलगी पुन्हां शाळेंत आली नाहीं. तो उत्तम शेरा दप्तरीं लागला; त्यांत तिचें नांव कोठेंहि नाहीं.

तेव्हांपासून कोणत्याहि शाळेंत गेलों, कीं मी हजेरीपट पाहतों, आणि समोर बसलेल्यांपेक्षां न आलेल्यांविषयीं अधिक विचारतों. दिवाळीनंतर आमच्याकडचीं किती तरी कुटुंबें ऊसतोडीस गुजरातेकडे जातात. त्यांचीं मुलें परततात तेव्हां त्यांना कोण जवळ बसवितो? पहिलींत नांव घातलेल्यांपैकीं पांचवींत किती उरलीं? हे प्रश्न कोणताहि बाप विचारूं शकतो. त्यासाठीं विद्वत्ता लागत नाहीं.

आम्हीं ते दोन्हीकडे विचारले. तालुक्याच्या शाळेंत उत्तरें नीट मिळालीं, पण कागदावरून. गांवच्या शाळेंतल्या तरुण शिक्षकानें गैरहजर मुलांचीं नांवें तोंडपाठ सांगितलीं. कोण आजारी, कोण धाकट्या भावाला सांभाळतो, हेंहि सांगितलें. आणि एकीच्या घरीं मधल्या सुटींत जाऊन आल्याचें सांगितलें. त्याच्या वर्गांत गोंगाट होता, फळा जुना होता, हेंहि मीं पाहिलें.

माझा विद्यार्थी परत येतांना बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "गुरुजी, पोरीला इथेंच घालतों. पण पुस्तकें तिकडे जास्त आहेत." मीं म्हटलें, "खरें आहे. पुस्तकें मागणें हें तुझें काम. शाळा व्यवस्थापन समितींत तुझ्यासारखेच पालक असतात. तेथें जाऊन माग; आणि दर शनिवारीं पोरीकडून एक पान वाचून घे."

श्रोतेहो, नामदार गोखल्यांनीं १९११ सालीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें विधेयक मांडलें. तें नामंजूर झालें. मुलांचा हा हक्क सबंध देशाच्या कायद्यांत येण्यास २००९ साल उजाडावें लागलें. इतक्या उशीरा मिळालेल्या हक्काची राखण केवळ सरकारकडून होणार नाहीं. आपल्या गांवच्या शाळेंत एकदां जा, आणि आज कोण आलें नाहीं, एवढें विचारा.