प्रौढ विद्यार्थ्याचे मन आणि साक्षरतेचा वर्ग

(कौंडण्यपूर येथे साक्षरता वर्गांचे स्वयंसेवक, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे केलेले भाषण)



वर्धेच्या काठी, रुक्मिणीच्या माहेरी आज आपण जमलो आहोत. आषाढीसाठी येथून निघणाऱ्या पालखीत अक्षरओळख नसलेली, पण शेकडो अभंग मुखोद्गत असलेली माणसे चालत आली आहेत. निरक्षर प्रौढ हा मंदबुद्धी असतो, हा समज त्यामुळे येथे तरी कोणी बाळगणार नाही. दुसरा एक समज मात्र अद्याप सुटलेला नाही. वर्गात ज्याचे चित्त लागत नाही, त्याला आपण निरुत्साही ठरवतो आणि हजेरीपटातून त्याचे नाव कमी करतो.

अशांपैकी काहींना मानसिक आजार असू शकतो. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत त्याचा समावेश केला आहे आणि बौद्धिक अक्षमतेहून तो वेगळा मानला आहे. हा भेद शिक्षकाने ध्यानी ठेवावा, कारण मनाचा आजार कमीअधिक होत राहतो. गेल्या आठवड्यात स्वतःचे नाव सुबक लिहिणारी बाई या आठवड्यात पाटीकडे नुसती पाहत बसते. हे ढोंग नव्हे. नैराश्यात झोप उडते, थकवा येतो, ओळीच्या शेवटी पोहोचेतो आरंभीचा शब्द निसटतो. ‘मला हे जमणार नाही’ ही खात्रीदेखील पुष्कळदा त्या आजाराचाच भाग असते. चिंताविकार असलेल्यास फळ्यापुढे उभे केले की छाती धडधडते. दुसऱ्या दिवशी तो येतच नाही. काही औषधांनी सुस्ती येते, हात कापतो, अक्षर वाकडे जाते. तेवढ्यासाठी औषध सोडण्याचा सल्ला मात्र कोणीही देऊ नये.

पीक बुडाले, घरचे माणूस गेले, तर मन खिन्न होणारच. त्यास लगेच रोगाचे नाव देऊ नये. निदान हे डॉक्टरांचे काम आहे. विचारपूस मात्र आपण करू शकतो. याच अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावपातळीवरील कार्यकर्त्यांकडून हेच करविले. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नैराश्यग्रस्तांपैकी उपचार वा मदत घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे 5.2 टक्क्यांवरून 2.5 टक्क्यांवर आले.

सरपंच महोदयांनी उपरोक्त अधिनियमाचे कलम 18 अवश्य वाचावे. प्रौढ व निरंतर शिक्षणात दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीने सहभागी करून घेण्याची जबाबदारी त्यात शासनासह स्थानिक प्राधिकरणांवरही टाकलेली आहे. यास खर्च फारसा नाही. धडा दहा मिनिटांचा करावा, फळ्याकडे बोलावू नये, दाराजवळ बसू द्यावे, औषधाची वेळ पाहून वर्गाची वेळ ठरवावी. गैरहजर विद्यार्थ्याच्या घरी जावे, पण चौकशी चारचौघांत नको. लग्नाची मुलगी असलेल्या घरात अशा चौकशीची केवढी धास्ती असते, हे आपण जाणताच. ‘उल्लास’ कार्यक्रमात वयाची वरची मर्यादा नाही, परीक्षाही पुन्हा देता येते. मग नाव कमी करण्याची घाई कशासाठी?

‘टेली-मानस’चा 14416 हा निःशुल्क क्रमांक 2022 पासून रात्रंदिवस चालू आहे, त्यावर मराठीतही बोलता येते. तो वर्गातील फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवावा. अंक वाचण्याचा सरावही त्यावरच घेता येईल.