लाळ काय सांगते?

सांताक्रूझच्या फलाटावर सकाळची लोकल डोळ्यांदेखत निघून गेली, की तोंडाला कोरड पडते. हा अनुभव आपणालाही असेल. मनावरचा ताण तोंडात उमटतो, तो असा. त्या वेळी मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसोल नावाचा स्राव रक्तात सोडतात. त्यातला थोडा लाळेतही उतरतो. म्हणून सुई न टोचता ताणाचा अंदाज घेता येतो. सुईच्या धास्तीनेच ताण वाढायला नको! मात्र वेळ सांभाळावी लागते. जाग आल्यावर सुमारे अर्ध्या तासाने कॉर्टिसोल सर्वांत अधिक असते, मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी.

मग दुखणेही असे मोजता येईल का? नाही. भीतीने, व्यायामानेही कॉर्टिसोल वाढते. उलट जुनाट दुखण्यात ते नेहमीइतकेच असू शकते. कळ कुठे आणि किती, हे लाळ सांगत नाही. म्हणून डॉक्टर आजही ० ते १० मधला आकडा विचारतात. आणि वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली स्पष्टच म्हटले, की दुखते म्हणणाऱ्याच्या शब्दाचा मान राखावा. तेव्हा घरातली आजी 'गुडघा ठणकतो रे' म्हणाली, तर पुरावा मागू नका. आधी जवळ बसा.